चिखलातल्या पायाची थरथर

भिगवणचा फोटो म्हटला की तो रोहित पक्ष्यांचाच. पंख उघडलेले, आतला लालगुलाबी पट्टा दिसतोय, खाली पाणी, मागे काहीच नाही. पुण्याच्या दवाखान्यांत, बँकांत, हॉटेलांच्या जिन्यांत हा फोटो फ्रेम करून लावलेला असतो आणि तो वाईट असतो असंही नाही. फक्त तो इथला, उजनी धरणाच्या पाण्यावरचा आहे हे खालची ओळ वाचूनच कळतं. ओळ झाकली तर तो कच्छचा म्हणून खपेल, शिवडीचा म्हणून खपेल, आफ्रिकेतल्या एखाद्या खाऱ्या तळ्याचा म्हणूनही खपेल. पक्षी तेवढा उचलून आणला, जागा तिथंच राहिली.

मला ज्या फोटोबद्दल लिहायचं आहे त्यात रोहित नाहीत. त्यात एक कंठेरी चिखल्या आहे. वितीपेक्षा लहान, चाळीसेक ग्रॅम वजनाचा, आणि केवळ त्याच्यासाठी होडी ठरवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. फोटो काढणारा बारामतीचा, माझा मित्र. नाव छापायचं नाही या अटीवर त्याने एक मोठी प्रिंट माझ्याकडे दिली आहे. मार्चचा पहिला आठवडा, कुंभारगावच्या बाजूचा काठ, सूर्य नुकता पाण्यावर आलेला. इतर माहिती त्याने पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवली आहे: ६०० मिलिमीटरची लेन्स, एफ ६.३, आयएसओ ८००, शटर एका सेकंदाचा दोनशेवा भाग. या शेवटच्या आकड्यापाशी पक्ष्यांचे फोटो काढणारा कुणीही थबकेल. इतका संथ शटर हलत्या पक्ष्यावर सहसा कुणी लावत नाही. हजारावा भाग, निदान आठशेवा, असं शिकवलेलं असतं.

चौकट आडवी आहे. खालचा तिसरा हिस्सा नुसता धूसर, तपकिरी आणि राखाडी यांच्या मधला. मग एक अरुंद पट्टी स्पष्ट, जेमतेम पाच-सात सेंटिमीटर खोलीची. एवढ्या जवळून एवढी मोठी लेन्स लावल्यावर स्पष्टतेला तेवढीच जागा उरते. त्या पट्टीत चिखल्या उभा, डावीकडे तोंड करून. त्याच्या मागे पुन्हा धूसर चिखल, मग पाण्याची उजळ रेघ, त्या उजेडात दोन शेकाट्यांचे लांब पाय ओळखू येतात, शरीरं विरघळलेली. वर उजव्या कोपऱ्यात एका होडीचं टोक. आकाश जवळजवळ नाहीच. सूर्योदयाचा फोटो आणि त्यात आकाश नाही, ही पहिली हिंमत.

आता पक्ष्याकडे. डोकं धारदार टिपलेलं आहे. चोच, कपाळावरची काळी पट्टी, गळ्याभोवतीचा काळा कंठा, सगळं पीस न् पीस मोजता येईल असं. डावा पाय चिखलात घट्ट. उजवा पाय थोडा पुढे टाकलेला, आणि तो मात्र फिस्कटलाय. गुडघ्याखाली पाय असा दिसतच नाही, नुसती एक राखाडी थरथर आहे, आणि तिच्याभोवती चिखलावरच्या पाण्याच्या पातळ थरात तीन-चार चपटी वलयं.

हा फोटो एका स्पर्धेला गेला होता. पाय हललाय म्हणून तो बाजूला पडला. परीक्षकाला पाय हललेला दिसला हे बरोबरच, पण तो का हललाय हे विचारायला हवं होतं. चिखल्यांची ही खाण्याची तऱ्हा आहे. धावायचं, एकदम थांबायचं, बघायचं, टोच मारायची आणि पुन्हा धावायचं. थांबल्यावर कधी कधी एक पाय पुढे टाकून तो ओल्या चिखलावर वेगाने थरथरवायचा. त्याने खालच्या अळ्या, बारीक किडे हलतात आणि हलले की दिसतात. चिखल्याचे डोळे शरीराच्या मानाने मोठे असतात. तो डोळ्यांवर जगणारा पक्षी आहे. त्याच काठावर शेजारी चरणाऱ्या तुतारीची गोष्ट वेगळी, तिचा चिखलात चोच खुपसून चाचपण्यावरही भर असतो. म्हणून चिखल्याचा फोटो हा बघणाऱ्याचा फोटो असतो. शरीर स्थिर, डोळा जमिनीवर, आणि फक्त एक पाय कामाला लागलेला.

हजाराव्या भागाला हा पाय थिजला असता. नखं दिसली असती, बोटं दिसली असती, आणि पक्षी नुसता पाय पुढे टाकून उभा आहे असं वाटलं असतं. पन्नासाव्या भागाला डोकंही हललं असतं. दोनशेव्या भागाला डोकं थांबतं आणि पाय थांबत नाही. मित्राला विचारलं की हे ठरवून केलंस का. तो म्हणाला, उजेडच तेवढा होता, आणि मला आयएसओ वाढवायचा नव्हता. मला हे उत्तर पटलेलं नाही. आयएसओ १६०० त्याच्या कॅमेऱ्याला आरामात झेपतो. ज्याने तासन्‌तास चिखल्या पाहिलाय त्याच्या बोटांना काही गोष्टी डोक्याच्या आधी कळतात, एवढंच म्हणतो.

पण पाय नुसता हलला असता आणि वलयं दिसली नसती तर फोटो अर्धाच राहिला असता. वलयं दिसतात ती उजेड समोरून आलाय म्हणून. इथे जागेचा नकाशा कामाला येतो. इंदापूर तालुका भीमेच्या उजव्या तीरावर, पलीकडे करमाळा. कुंभारगावच्या काठावर उभं राहिलं की पाणी पूर्वेला पसरलेलं आणि सकाळचा सूर्य पाण्यापलीकडून, थेट तोंडावर. काठावरून फोटो काढणाऱ्याला सकाळी उजेड पाठीशी घेताच येत नाही. बहुतेक जण म्हणूनच होडीत बसतात, पाण्यात जाऊन वळतात आणि उजेड पाठीशी घेऊन काठाकडे बघतात. तसे फोटो छान रंगीत येतात. पिसं दिसतात, चोचीचा रंग दिसतो, सगळं सपाट आणि सुरेख.

माझा मित्र होडीत बसला नाही. घरातली एक जुनी परात त्याने सोबत नेली होती. तिच्यात ज्वारी भरलेली कापडी पिशवी, पिशवीवर कॅमेरा, आणि मागे हा पोटावर पडलेला. परात चिखलावर सरकते, रुतत नाही. विकतचं सामान मिळतं याच कामाचं, पण परातीने जे काम होतं त्याला हजारो रुपये कशाला घालवायचे, असं त्याचं म्हणणं. लेन्स जमिनीपासून वीतभर उंच. एवढ्या खालून बघितलं की पातळ पाण्याचा आरसा होतो, आणि समोरचा उजेड त्या आरशावरच्या प्रत्येक सुरकुतीला एक पांढरी कड देतो. पाठीमागच्या उजेडात ही वलयं चिखलाच्या रंगात मिसळून गेली असती. उभ्याने काढला असता तरी गेली असती. म्हणजे पायाची थरथर टिपली शटरने, पण ती वाचायला दिली उजेडाच्या दिशेने आणि परातीने.

वेळही तितकीच महत्त्वाची. मार्चच्या सुरुवातीला तिथे सूर्य सातला दहाएक मिनिटं कमी असताना वर येतो. त्याच्या आगेमागे वारा पडलेला असतो. तास-दीड तासाने पाण्यावर झुळूक सुरू होते, आणि मग पायाची वलयं कुठली आणि वाऱ्याची कुठली हे सांगता येणार नाही. नऊनंतर तर जमीन तापून हवाच लहरू लागते. कितीही भारी लेन्स असली तरी चोचीची कड थरथरलेलीच येते. ती थरथर मात्र खरंच वाया गेलेली.

समोरच्या उजेडाची नेहमीची अडचण अशी की पक्ष्याची आपल्याकडची बाजू काळी पडते. इथे तसं झालेलं नाही. पाठीवर आणि डोक्यावर उजेडाची बारीक किनार आहे, आणि आपल्याकडची बाजू सावलीत असूनही दिसते, कारण आपल्या मागचं मोकळं आकाश तिच्यावर मंद निळसर उजेड टाकतंय. त्या सावलीत एकच गोष्ट पेटलेली आहे, डोळ्याभोवतीचं पिवळं कडं. थंडीत हे कडं फिकट असतं. विणीचा काळ जवळ आला की झळकू लागतं. अख्ख्या चौकटीत चोख पिवळा रंग तेवढाच. मित्राने कॉम्प्युटरवर रंग वाढवले नाहीत यासाठी त्याला शाबासकी द्यायला हवी. सूर्योदय म्हटला की केशरी ओतायचा हा मोह भल्याभल्यांना सुटत नाही. त्याने तो टाळला, आणि म्हणून नजर कुठेही न रेंगाळता त्या कड्यावर जाते, तिथून चोचीवर, चोचीवरून खाली पायावर. पक्षी जिथे बघतोय तिथेच आपणही पोचतो.

आता जमीन. हा फोटो मला आवडतो तो मुख्यतः जमिनीसाठी. चिखल्याच्या पायाशी, किंचित पुढे, उजेडाची एक आडवी चीर आहे. आधी वाटतं, डबकं असेल. नीट पाहिलं तर चीर मध्ये तुटलेली आहे, दोन तुकड्यांत, आणि कडा जरा उचललेल्या. तो खुराचा ठसा आहे, पाणी भरलेला. अगदी खालून पाहिल्यामुळे तो गोल दिसत नाही, आणि खूर दुभंगलेला म्हणून चीरही दुभंगलेली. डावीकडे तशीच दुसरी, अस्पष्ट. संध्याकाळी पाण्यावर आलेली म्हैस असणार. तिच्या खुराने चिखल दाबला, खळगा झाला, खळग्यात पाणी साचलं. मला तर वाटतं, चिखल्या नेमका तिथे आला तोही त्या ओलसर खळग्यासाठीच. फोटोत म्हैस नाही आणि तरी ती आहे.

हे समुद्राच्या पुळणीवर घडलं नसतं. उजनीचा काठ हा मुळात काठच नाही. भीमेवरचं धरण १९८० साली झालं, भिंत सोलापूर जिल्ह्यात, आणि फुगवटा मागे पुणे जिल्ह्यात आला. इंदापूर तालुक्याच्या या पट्ट्यातली शेतं, गावं, रस्ते पाण्याखाली गेले. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की अजून डोकं वर काढतं. धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती मृतसाठ्याच्या वरच्या पाण्याची. म्हणून एखाद्या कडक उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असं इथली माणसं सहज बोलून जातात, आणि बाहेरच्याला प्रश्न पडतो की धरण शून्याखाली जातं कसं. पावसाळ्यानंतर कालव्यांना आणि नदीला पाणी सोडायला लागले की पातळी उतरत जाते. जमीन इतकी सपाट की थोडी पातळी उतरली तरी चिखलाची रुंद पट्टी उघडी पडते. पाणी मागे सरतं, माणूस मागोमाग गाळपेर करत पुढे जातो, मका पेरतो, कडवळ करतो. माणसाच्या पुढे गुरं आणि गुरांच्याही पुढे, जिथे चिखल अजून ओला आहे तिथे, चिखल्या, टिलवे, तुतारी, शेकाट्या. त्यांचा काठ रोज सरकत असतो. कालच्या जागी आज फोटो मिळत नाही.

कांदळवन नाही, भरती-ओहोटी नाही, खारं पाणी नाही. ओहोटी इथेही आहे, पण ती चंद्राच्या हातात नाही, पाटबंधारे खात्याच्या हातात आहे. आणि इथला सुपीक गाळ नुसता भीमेचा नाही. मुळा-मुठेने आणलेलं पुण्याचं सांडपाणी त्यात मिसळलेलं आहे. पाण्याला पोषण जास्त, शेवाळ जास्त, चिखलात अळ्या जास्त. चिखल्याचा पाय ज्यासाठी थरथरतोय तो घास थोडाफार पुण्यातून आलेला आहे. हे सुंदर चित्रात सांगायचं का? फोटो सांगत नाही, पण लपवतही नाही. मधल्या चिखलावर डावीकडे एक हिरवट तवंग आहे. मित्राला तो पुसून टाकता आला असता, आजकाल ते दोन मिनिटांचं काम आहे. त्याने ठेवला.

बारामती-इंदापूरच्या माणसाला पक्षी-प्राण्यांचे फोटो काढायला जागांची ददात नाही. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारा बघायला. कडबनवाडीचं गवताळ रान आहे. तिथले फोटो जागेसकट येतात, कारण गवत टाळताच येत नाही. पाण्यावर मात्र जागा टाळता येते, म्हणून ती टाळली जाते.

एक गोष्ट पक्ष्याच्या अंगावरून वाचता येते, ती म्हणजे फोटोग्राफर कसा वागला. घाबरलेला चिखल्या मान ताणतो, अंग आवळतो, डोकं वरखाली झटकतो. इथे मान खांद्यात, पिसं सैल, पाय खाण्यात गुंतलेला. दहा मीटरवर पडलेला माणूस त्याने हिशोबातून काढून टाकला होता. असा विश्वास चालत जाऊन मिळत नाही. आधी पडून राहावं लागतं आणि पक्ष्याला आपल्याकडे येऊ द्यावं लागतं. याउलट मार्च-एप्रिलमध्ये चिखल्याचा एक फोटो फार कौतुकाने दाखवला जातो, एक पंख जमिनीवर पसरलेला, शेपूट फुलवलेली, अतिशय नाट्यमय. ती मोडक्या पंखाची बतावणी असते. उघड्या जमिनीवरच्या नुसत्या खळग्यात घातलेली अंडी किंवा पिल्लं जवळ असली की पक्षी शत्रूला आपल्यामागे ओढून दूर नेतो. त्या फोटोतला शत्रू म्हणजे फोटो काढणारा. तसा फोटो दिसला की मला पक्ष्याचं कौशल्य दिसतं, कॅमेऱ्याचं नाही. होडी रोहितांच्या अंगावर घालून मुद्दाम उडवून घेतलेल्या पंखांचंही तेच.

जुन्या काळी फोटो काढणाऱ्यांना पर्याय कमी होता. सलीम अलींचे स्नेही लोक वान थो, सिंगापूरचे चित्रपट-व्यावसायिक, कच्छच्या रणातून रोहितांचे फोटो घेऊन आले होते. १९६४ साली विमान अपघातात गेले. त्यांच्या पिढीचे पक्ष्यांचे फोटो बहुतेक घरट्यावरचे. लेन्स आखूड, फिल्म मंद, म्हणून पक्षी हमखास परत येईल अशी जागा लागायची, आणि ती जागा म्हणजे घरटं. आडोसा बांधून तासन्‌तास बसायचं. त्यातून जे आलं ते थोर आहे, पण पक्षी कायम आई-बापाच्या भूमिकेत राहिला. आता बऱ्याच स्पर्धा घरट्यावरचे फोटो घेतच नाहीत, आणि लेन्सही लांबल्या. त्यामुळे पक्ष्याचा साधा कामाचा दिवस बघायची सोय झाली. हा फोटो त्या सोयीचा चांगला उपयोग आहे. सकाळची वेळ, न्याहारी चाललीय, बस्स.

तक्रारीही आहेत. उजव्या कोपऱ्यातलं होडीचं टोक मला खटकत नाही, ते असायलाच हवं. पण ते इतकं कोपऱ्यात दाबलंय की मुद्दाम घेतलं की चुकून आलं हे कळत नाही. परात हाताच्या रुंदीइतकी डावीकडे सरकवली असती तर होडी थोडी आत आली असती. मित्र म्हणतो, सरकलो असतो तर चिखल्या उडाला असता. असेल. दुसरं, त्याने फोटोतले दाणे काढायच्या नादात मागची पाण्याची रेघ फार गुळगुळीत केली आहे. पहाटेच्या पाण्याला जरा खरखर शोभते. आणि शेकाट्यांचे पाय चिखल्याच्या पाठीच्या अगदी वर आलेत, क्षणभर वाटतं की त्याच्या पाठीतूनच काही उगवलंय. हे खालून काढलेल्या फोटोंचं दुखणंच आहे, पुढचं-मागचं एकमेकांवर चढतं.

त्याने आता टिलव्यांकडे मोर्चा वळवला आहे, आणि तिथे ही सगळी युक्ती फसते. टिलवा थांबतच नाही. चिखल्यासारखा तो थांबून बघत नाही. थव्याने पुढे सरकत, मान खाली घालून, एकामागून एक टोचे मारत राहतो. दोनशेव्या भागाला पाय हलतो, चोच हलते, डोकं हलतं, थवाच हलतो. हजाराव्या भागाला सगळे चोचा रुतवून खिळलेले, पुतळे. सायबेरियाच्या टुंड्रातून आलेले हे पक्षी एप्रिलच्या पुढेमागे निघून जातील, आणि त्याच्या आत त्याला मधला आकडा सापडायचा आहे. मी त्याला चारशे सांगून बघितलं. तो म्हणाला, आकड्याचं नाही, त्यातला एक टिलवा कधी ना कधी मान वर काढतोच, तेवढ्यापुरता. तो कुठला ते आधी कळायला हवं.